तलावावरच्या चकचकीत सळ्या

इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी लायब्ररीत दोन पानं वाचली आणि अकरा दिवस घरी कुणाला काही सांगितलं नाही. त्या अकरा दिवसांत काहीही होऊ शकलं असतं.

माझे वडील, अण्णा, जालन्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं शेड चालवत. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, पत्र्याची कामं. ते सातवीपर्यंत शिकलेले. घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे मी काही बोलले की ते पुस्तकातलंच असणार, असं सगळे धरून चालत. मला त्याचं दडपण यायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

आदल्या वर्षी गावातल्या एका कारखानदारांनी व्यायामशाळेला जोडून बंद हॉलमध्ये पोहण्याचा तलाव बांधला. जालन्यात नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेव्हा लोक काय काय बोलले असतील ते सांगायला नको. हॉलमध्ये वरच्या लोखंडी तुळयांना सळ्या लावून, खालून सपाट दिसेल असं छत टांगायचं काम अण्णांना मिळालं. त्यांनी त्यासाठी जस्त चढवलेल्या जाड सळ्या काढून ठेवल्या होत्या. मी सुट्टीला आले होते.

"अण्णा, तिथं दमट हवा असणार, क्लोरीन असणार. ह्या गंजतील. स्टेनलेसच्या लावा ना."

त्यांच्या कामात मी पहिल्यांदाच तोंड घातलं होतं.

"घ्या शेठ," त्यांचा जुना मिस्त्री म्हणाला, "तीस वर्सं आपुन उगंच लोखंड कापून राह्यलो."

अण्णा हसले. स्टेनलेसच्या सळ्या आणल्या आणि एकेका सळईला चुंबक लावून पाहिलं. चिकटलं नाही. "अस्सल हाय," म्हणाले. आमच्याकडे भांड्यापासून भंगारापर्यंत स्टीलची हीच परीक्षा. मलाही दुसरी माहीत नव्हती.

वर्षभरानं प्रोजेक्टसाठी गंजण्यावरचं काही शोधताना ती दोन पानं हाती लागली. माझं इंग्रजी कच्चं होतं, डिक्शनरी घेऊन वाचलं. पाण्यातलं क्लोरीन आणि माणसांचा घाम मिळून जे तयार होतं, ते बंद हॉलमध्ये वर जाऊन छतातल्या धातूवर बसतं. पाण्यातली शिडी रोज धुतली जाते, वरच्या सळ्या कुणी धुवत नाही. आणि नेहमीचं स्टेनलेस, चुंबकाला न चिकटणारं, अशा जागी वजन पेलून ताणलेलं राहिलं की तडकत जातं. वरून चकचकीतच दिसतं. लोखंड आधी गंजून सांगतं तरी. हे न सांगता तुटतं.

मी तीनदा वाचलं. अण्णांच्या सळ्या ह्याच होत्या.

प्रोजेक्टच्या सरांना भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "परदेशात झालंय तसं. आपल्याकडे असे तलाव आहेतच किती?" त्यानं मला एक दिवस धीर आला. मग होस्टेलच्या मेसमध्ये सकाळी पेपर आला की आधी जालन्याचं पान उघडायला लागले. छत पडल्याची बातमी नसली की मगच घास उतरायचा. घरी सांगावं तर, माझी वाचण्यात चूक झाली असली तर? आणि झाली नसली तर अण्णांना पोलीस नेतील का? तलावात दुपारी चार वाजता लहान मुलांची बॅच असते, हे मला माहीत होतं. तरीही मी गप्प होते.

बाराव्या दिवशी एसटीनं जालन्याला आले आणि थेट शेडवर गेले. अण्णा एका गेटाचे कोपरे घासत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरं कवा येत्यात तिथं?"

"चारला."

तीन वाजून गेले होते. त्यांनी पाना उचलला.

"शेठ, ह्ये गेट आज द्यायचं हाय," मिस्त्री म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. चल तू बी. शिडी घे."

हॉलच्या दाराला अण्णांनी आडवी दोरी बांधली आणि मिस्त्रीला तिथं उभं केलं. स्वतः भिंतीला शिडी लावून वर गेले, छताची कडेची एक फळी सरकवली. मी शिडी धरून होते. सळ्या चमकत होत्या, नटापाशी फक्त चहाच्या डागासारखं काहीतरी. मला वाटलं, चुकलेच मी, आणि फार बरं वाटलं. अण्णांनी नटाला पाना लावून जरासा फिरवला. सुकी काडी मोडावी तसा बारीक आवाज आला.

ते हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "माय, खाली थांबू नको. भाईर जा."

"आणि तुम्ही?"

"जा म्हन्लं ना."

ते एकेक पायरी उतरेपर्यंत मी दारातून छताकडे बघत होते. बाहेर मुलं टॉवेल घेऊन जमली होती, मिस्त्री त्यांना सांगत होता, "पाण्यात साप निंघाला, पळा घरी."

तलावाचे मालक आले. तुकडा पाहून त्यांचा चेहरा उतरला. "स्टेनलेस लावा म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"म्याच लावलं, मालक," अण्णा म्हणाले.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले नसते. "मी सांगितलं होतं," मी म्हणाले. पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं.

मालक माझ्याकडे वळले. "मग आता काय लावायचं? तेही सांगा."

त्या प्रश्नाची भीती मला तुटलेल्या सळईपेक्षा जास्त वाटली. जस्ताच्या सळ्या लावा, हे ओठांवर आलं होतं. पण तेही न वाचता, न तपासताच आलं होतं.

"मला दोन दिवस द्या," मी म्हणाले. "तोवर कुणालाही आत सोडू नका."

तिसऱ्या दिवशी, वाचून-तपासून, एका कागदावर लिहून मालकांसमोर अण्णांना दिलं: पाण्यावर काहीही टांगू नये. छत काढावं. वरच्या लोखंडी तुळया जस्त चढवून, रंगवून उघड्याच ठेवाव्यात, म्हणजे गंज आला तर खालून दिसेल.

"गोदामासारखं दिसेल हो," मालक म्हणाले.

"दिसू द्या," अण्णा म्हणाले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.