परसों म्हणजे परवा नव्हे

हिम्मतरावांचं घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतीवाडीचं. पण वडील निजामाच्या काळातच काचीगुड्याला येऊन राहिले आणि हिम्मतराव तिथेच जन्मले, वाढले. त्यामुळे मराठी बोलता बोलता त्यात दखनी उर्दू कुठून शिरते हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. 'हो'चं 'हौ' व्हायचं, 'नको'चं 'नक्को' व्हायचं, आणि होऊन गेलेली कुठलीही गोष्ट 'परसों' झालेली असायची. हैदराबादेत परसों म्हणजे परवा नव्हे. परसों म्हणजे गेला आठवडा, गेली दिवाळी, मनात आलं तर चार वर्षांमागचं एखादं लग्नसुद्धा. इथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला समजावून उपयोग नसतो.

सावित्रीबाई बाहेरच्या होत्या. लातूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या या शहरात आल्या तेव्हा अठराच्या होत्या. त्यांना उर्दू येत नव्हती, तेलुगू येत नव्हती, आणि नवरा मराठीच बोलतो आहे अशी त्यांची भाबडी समजूत होती. सुलतान बाजारात एका शेठच्या कापडदुकानात हिम्मतराव थान उलगडून कापड फाडून द्यायच्या कामावर होते. एकदा जेवताना त्यांनी सहज सांगितलं, "परसों शेठसंगं माझं चांगलंच वाजलं. एक रेशमी तुकडा वाकडा फाटला म्हणून एवढं बोलला, एवढं बोलला, की मी हातातलं थान फेकून बाहेर आलो." भांडण जुनं होतं, पावसाळ्यातलं. केव्हाच मिटलंही होतं. सांगताना हिवाळा चालू होता.

त्यानंतर दोनच दिवसांनी शेठ दुकानाच्या माळ्यावर मेलेला सापडला. कुणीतरी डोक्यात घाव घातला होता.

पोलीस काचीगुड्याच्या खोलीत आले तेव्हा हिम्मतराव घरी नव्हते. जबाब लिहून घेणारा जमादार बिदरकडचा, मराठी उत्तम जाणणारा. गावाकडची भाषा ऐकून सावित्रीबाईंना उलट धीर आला. नवऱ्याचं आणि शेठचं कधी भांडण झालं होतं का, असं त्यानं विचारलं. खोटं कशाला बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, "झालं होतं की." कधी? ज्या रात्री ऐकलं त्या रात्रीपासून त्यांनी मनाशी उलटे दिवस मोजले. नवऱ्याच्या तोंडचं परसों त्यांच्या डोक्यात आधीच परवा होऊन बसलं होतं. "म्हणजे चार दिवस झाले बघा. ते म्हणाले परवा." जमादारानं पुन्हा विचारलं, "नक्की परवा म्हणाले?" आणि त्या म्हणाल्या, "हो, परवाच."

एवढ्यावर हिम्मतराव आत गेले. सव्वा वर्ष आत होते. आपण परसों म्हणालो होतो, परवा नव्हे, आणि भांडण जुनं होतं, असं ते कोर्टात परोपरीनं सांगत राहिले, पण घरच्याच बाईचा जबाब समोर होता, त्यामुळे त्यांचं बोलणं सारवासारव वाटलं. शेवटी पुरावा पुरेसा नाही म्हणून सुटले. 'संशयाचा फायदा' असा शब्द निकालात होता. त्या शब्दाचा हिम्मतरावांना जन्मभर राग येई. फायदा कसला डोंबलाचा? दुकानातली नोकरी गेली, खोली गेली, काचीगुड्यातली माणसं नजर चुकवायला लागली. खून कुणी केला ते कधी कळलंच नाही.

घरी आले त्या दिवशी सावित्रीबाईंनी दारातच त्यांचे पाय धरले. काय घोटाळा झाला हे तोवर शेजारणींनी त्यांना समजावलं होतं. हिम्मतरावांनी त्यांना उठवलं आणि म्हणाले, "तुझा काय दोष? तुला कुठं माहीत होतं?" त्यानंतर त्यांचा चेहरा कधी पडला की हिम्मतराव हेच वाक्य म्हणत; त्यापलीकडे हा विषय घरात निघाला नाही. दोघं अंबरपेठेला राहायला गेले, तिथं हिम्मतरावांनी ब्लाउजपीस आणि अस्तराचं लहानसं दुकान टाकलं, आणि पुढे शिल्पा झाली. परसों हा शब्द मात्र हिम्मतरावांनी जिभेवरून कायमचा उतरवला. कुणी विचारलं तर ते 'गेल्या मंगळवारी' किंवा 'पोळ्याच्या आदल्या दिवशी' असं सांगत. अंबरपेठेतल्या लोकांना वाटे, माणूस मोठा काटेकोर आहे. सावित्रीबाई कुणीही काहीही सांगितलं की दोनदा विचारत, "म्हणजे नक्की कधी?" शिल्पा आईच्या या सवयीची नक्कल करून हसायची. तिला बिचारीला काय माहीत.

मग ती कादंबरी आली. पुण्याचा कुणी लेखक खटल्याच्या वेळी कोर्टात येऊन बसायचा म्हणे. त्यानं नावं बदलली, पण सुलतान बाजार तोच, दुकान तेच, माळा तोच. हिम्मतरावांनी ती मराठी ग्रंथालयातून आणली आणि दुकानात बसून दोन दुपारींत वाचली. कादंबरीत नोकरानंच खून केला होता. तेही त्यांनी गिळलं असतं. पण कादंबरीतली बायको नवऱ्याला मुद्दाम अडकवत होती. तिला तो नकोसा झाला होता, म्हणून ती पोलिसांना ठरवून खोटं सांगत होती. हे वाचून हिम्मतरावांनी पुस्तक मिटून कापडाखाली सरकवलं. सावित्रीच्या हातात हे पडलं तर ती जगायची नाही, एवढं एकच त्यांना सुचलं.

त्यांनी काय करावं? ग्रंथालयात त्या कादंबरीची एकच प्रत होती. ती त्यांनी परत केली आणि तिथंच उभ्या उभ्या पुन्हा स्वतःच्या नावावर घेतली. पुढची कित्येक वर्षं हाच प्रकार. ग्रंथपाल श्रीकांत थट्टेनं म्हणायचा, "हिम्मतराव, पाठ झाली असेल आता! दुसरं काही वाचा की." हिम्मतराव ओशाळं हसत आणि पुस्तक पिशवीत घालत. हैदराबादेतल्या एकाही मराठी माणसाला ती कादंबरी वाचायला मिळाली नाही याचं श्रेय निव्वळ त्यांचं.

पण कादंबरी दडवता येते, सिनेमा कुठे दडवणार?

शहाण्णव साल असेल. घरोघर केबल आली होती, अंबरपेठेच्या नाक्यावरही तयार कपड्यांची काचेची दुकानं निघाली होती, आणि मीटरवर कापड घेणारी गिऱ्हाइकं रोज थोडी थोडी कमी होत होती. शिल्पा तारनाक्याला युनिव्हर्सिटीत शिकत होती. एका संध्याकाळी ती वर्तमानपत्र नाचवतच घरात आली. "अप्पा, आपल्या हैदराबादवर हिंदी पिक्चर आलाय! मराठी कादंबरीवरनं काढलाय. सुलतान बाजारात कापडवाल्याचा मर्डर होतो म्हणे. माझ्या क्लासमधले सगळे जाणार आहेत. आपण पण जाऊ, प्लीज!"

सावित्रीबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. हिम्मतरावांनी ते पाहिलं. शिल्पा हातपाय धुवायला गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मी जातो हिच्याबरोबर. तू येऊ नक्को."

"का?"

ते म्हणाले, "उगा जिवाला त्रास."

"तुम्ही बघणार, पोरगी बघणार, आणि मी घरात बसून काय करू?" सावित्रीबाई तव्याकडे बघत म्हणाल्या. "माझीच गोष्ट आहे ना ती? मी येणार."

रविवारच्या मॅटिनीला तिघं गेली. हिम्मतराव दोघींच्या मधे बसले. हॉल निम्मा भरला होता, पुढच्या बाकांवर कॉलेजची पोरं आणि बाजारातली माणसं होती. खुनाचा पिक्चर म्हणून मारामारीच्या आशेनं आलेली. आणि पिक्चर तर असा संथ की विचारू नका. पंखा फिरतोय तर फिरतोच आहे. एक माणूस दुकानाचं शटर उघडतोय, तर कुलूप निघेपर्यंत लोकांच्या जांभया देऊन झाल्या. पोरं शिट्ट्या मारत होती, "अरे चाचा, जल्दी खोलो, गिराक आरे!" शिल्पाही कंटाळून खुर्चीत घसरली होती. हिम्मतरावांना मात्र त्यात संथ असं काही वाटलं नाही. वाट बघणाऱ्याचा वेळ असाच जातो, हे त्यांना लॉकअपनं शिकवलं होतं. ते एकेका दाराकडे बघत होते, आता ती बायको येईल म्हणून.

ती आली. पडद्यावर खोली, चूल, कोपऱ्यात बसलेली तरुण बाई, समोर इन्स्पेक्टर. मग इन्स्पेक्टरनं विचारलं, "झगड़ा कब हुआ था?"

बाईनं मान वर केली. "परसों."

पडद्यावर शांतता. इन्स्पेक्टरचे डोळे चमकले, कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू पुढे सरकू लागला. मुंबईच्या दिग्दर्शकाला वाटलं असणार, आता प्रेक्षकांचा श्वास अडकेल. पुढच्या बाकावरून एक दणदणीत आवाज आला, "अरे साब, परसों बोले तो छे महीने बी हो सकते!"

सगळा हॉल फुटला. दुसरा कोणी ओरडला, "मेरी शादी बी परसोंइच हुई, तीन बच्चे हैं!" बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पडद्यावर इन्स्पेक्टर गंभीर चेहऱ्यानं बेड्या मागवत होता आणि खाली लोक गडबडा लोळायच्या बेतात होते. शिल्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अप्पा, कसला येडा इन्स्पेक्टर आहे हा! एवढं पण कळत नाही?"

भर कोर्टात हिम्मतरावांनी जे घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं ते ही अनोळखी माणसं न सांगता समजून हसत होती. त्यांना वाटलं उठून त्या पुढच्या बाकावरच्या माणसाचे हात धरावेत. मग त्यांनी उजवीकडे बघितलं. अख्ख्या हॉलमध्ये सावित्रीबाई तेवढ्या हसत नव्हत्या.

मध्यंतर झालं. शिल्पा म्हणाली, "चला ना घरी, कित्ती स्लो! उरलेला कोण बघणार?" आणि हिम्मतरावांनी देवाचे आभार मानले. बायकोनं नवऱ्याला मुद्दाम अडकवलं हे कादंबरीत पुढं उघड होत होतं, म्हणजे पिक्चरमध्येही ते मध्यंतरानंतरच असणार. ते सावित्रीच्या दृष्टीला पडणार नव्हतं. शिल्पा समोसे आणायला गेली तशी ती दोघं बाहेर सायकलस्टँडच्या कट्ट्याशी येऊन उभी राहिली. वाचलो, असं हिम्मतराव मनात म्हणत होते.

"त्या बाईनं ऐकलं तसं सांगितलं," सावित्रीबाई म्हणाल्या.

"काय?"

"परसों ऐकलं, परसों सांगितलं. मी पण तुमचा शब्द होता तसाच पुढं ठेवला असता, तर जमादार असो की आणखी कोणी, इथलं कुणीतरी हसलं असतं. आता हसली तशी माणसं. मी शहाणपणा केला. तुमचा शब्द मी बदलला."

हिम्मतरावांच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं, तुझा काय दोष. बावीस वर्षांत तिचा चेहरा नुसता पडला तरी ते हे वाक्य पुढे करत आले होते. पण आज तिच्याकडे बघताना त्यांच्या लक्षात आलं की हे ऐकून ती एकदाही हलकी झालेली नाही. कादंबरी दडवून, दिवस-तारखा नीट सांगून, जपून जपून त्यांनी तिला सांभाळलं होतं, आणि ती होती तिथंच उभी होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"हौ," ते म्हणाले. "बदललास."

सावित्रीबाईंनी चमकून वर पाहिलं.

"चूक झाली तुझ्या हातनं. आणि मला राग आला होता, सावित्री. कोर्टाचा नव्हता, जमादाराचा नव्हता, तुझा. तू जाळीपलीकडं डबा घेऊन उभी राहायचीस, तेव्हा वाटायचं, ही दोन शब्द कमी बोलली असती तर! घरी आलो त्या दिवशी म्हणालो तुझा काय दोष, ते मनातलं नव्हतं."

शिल्पा समोशांची पुडी घेऊन त्यांच्या पाठीमागे येऊन थांबली होती. दोघांनाही ते कळलं नाही. आत मध्यंतर संपल्याची घंटा वाजली.

"अजून आहे राग?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"नाही. शिल्पाच्या वेळी तू बाळंतपणाला माहेरी गेलीस आणि मला घर खायला उठलं. तेव्हा धुंडून बघितला, तर नव्हता."

सावित्रीबाई कट्ट्यावर बसल्या आणि रडू लागल्या. तुरुंगात भेटायला येताना त्या कधी रडल्या नव्हत्या, ते सुटले त्या दिवशीही नाही. शिल्पा घाबरून पुढे झाली, "आई, काय झालं? अप्पा, ही अशी काय करते?" हिम्मतरावांनी मुलीला हाताला धरून शेजारी बसवलं. "थांब बेटा. सांगतो. सगळं सांगतो तुला."

सावित्रीबाईंनी पदरानं डोळे पुसले, पण पाणी थांबेना. मुलीसमोरच त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही हो रागावलात? मी रोज वाट बघायची. भाजी खारट झाली की वाटायचं, आज बोलतील. दूध उतू गेलं की वाटायचं, आज तरी बोलतील. तुम्ही कध्धीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्ही मला माफ करायचं सोडूनच दिलंय."