गौतम अण्णा आणि एका माईकवरची दोन लग्नं

गौतम अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुमनाबादला बसस्टँडजवळच्या एका धाब्यावर जेवायला बसलो होतो. दुकानासाठी पाईप अन् तोट्या बघायला गेलो होतो. फोन अण्णाच्या पोरीचा, पुण्याहून. "काका, बाबा सकाळी झोपेतच गेले," एवढंच बोलली अन् फोन ठेवला. पुढ्यातली भाकरी तशीच राहिली. खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आता ते गुपित माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं. गुपित असं, की अफजलपुरात चाळीस वर्षं रेडिओ, टेप अन् माईक दुरुस्त करणाऱ्या ह्या माणसाला शेवटची चार वर्षं जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. निदान मी तसं धरून चाललो होतो.

माझं हार्डवेअरचं दुकान अन् अण्णाचं दुरुस्तीचं, मधी एकच भिंत. एक दिवस त्याच्याकडं रेडिओ एवढ्या मोठ्यानं बोंबलायला लागला की माझ्या दुकानातल्या फळीवरचे डबे थरथरायले. जाऊन बघतो तर अण्णा त्याच रेडिओला स्क्रू ड्रायव्हर लावून बसलेला. मला म्हणाला, "मल्लू, सकाळपासून मुकाच हाय बघ ह्यो." मी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्याला कळलं. त्यानं उठून माझा हात गच्च धरला. "कुणाला बोललास तर बघ! बहिऱ्याकडं रेडिओ कोण आणून देतंय? दुकान बंद पडलं की मी घरात बसून काय करू, भिंती मोजू?" मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, अण्णा, कानात घालायचं मशीन मिळतंय की. तर केवढा उसळला! "ते घातलं म्हणजे दुकानावर पाटी लावल्यासारखंच झालं!" मग मी शपथ घेतली. त्या शपथेपायी पुढं किती थापा मारल्या त्याचा हिशेब माझ्याकडं न्हाई.

त्याच सुमारास त्याच्या पोरीनं ती डबी पाठवली. तंबाखूच्या डबीएवढं बिनतारी यंत्र, तळहातात मावणारं, वर इवलासा पडदा. कुठल्याही रिमोटचं, माईकचं बटन दाबलं की हवेतून जाणारी लाट त्या पडद्यावर रेष होऊन नाचायची. पोरीला वाटलं, बापाला खेळणं होईल. पण अण्णाचं तसं नव्हतं... ज्या लाटेवर आयुष्यभर पोट भरलं ती त्यानं साठी उलटल्यावर पहिल्यांदा डोळ्यांनी बघितली. आठ दिवस जेवणाचं भान नव्हतं. मोटारसायकलीचं रिमोट आण, दारावरच्या घंटीचं आण, शेतातल्या मोटारीचं आण! गिऱ्हाइकाला म्हणायचा, "दाबा." पडद्याकडं बघायचा अन् सांगायचा, "सेल उतरलेत." लोक चाट पडायचे. त्यांना काय माहीत, कानाचं काम आता डोळे करायलेत म्हणून.

मॉड्युलेशन म्हणजे काय, लाटेवर आवाज कसा चढवतात, ते त्यानं मला त्याच नादात शिकवलं. मी मागितलं नव्हतं हे आधी सांगतो. भर बाजारच्या दिवशी मला रस्त्याच्या कडेला उभं केलं अन् करजगीहून येणाऱ्या जीपांकडं बोट दाखवलं. "ती जीप बघ. ती म्हणजे नुसती लाट. तिच्यात माणसं बसली तर बोलणं पोचलं, न्हाई तर रिकामीच पळायलीय. आता एएम म्हणजे कसं? जीप ठरल्या वेळेलाच येणार, पर एकदा टपावर माणसं, एकदा आत डायवर एकटा. त्या कमीजास्त होण्यातच निरोप." मी ओरडून विचारलं, अन् एफेम? "एफेममधी दर जीपेत माणसं तेवढीच. पर जीपा कधी एकामागं एक धडाधड, कधी लांब लांब. निरोप त्या अंतरात." मी म्हणालो, "अण्णा, आता तर एकबी जीप येईना, ते काय?" म्हणाला, "ते मॉड्युलेशन न्हाई, ते पंक्चर." अन् स्वतःच हसत सुटला. माझ्या दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, ते शिव्या देत निघून गेलं. पण मला एएम-एफेम आजही पाठ आहे, झोपेतून उठवून विचारा.

मग आलं माझ्या धाकट्या पोरीचं लग्न. रस्त्याच्या ह्या बाजूला आमचं कार्यालय, समोर बुद्धविहार, अन् त्याच मुहूर्ताला विहारात अण्णाच्या गल्लीतल्या पोराचं लग्न. दोन्हीकडचे बिनतारी माईक अण्णाकडंच तयार करायला दिलेले. आदल्या दिवशी दुपारी मला बोलावून त्यानं पडदा दाखवला. "बघ, काय देखणी रेष आलीया! एका माईकची पुढं ठेवली अन् दुसऱ्याची तिला तंतोतंत जुळवली." मी आपला "वा वा" म्हणालो. मला कुठं अक्कल! जीपांच्या पलीकडं माझं शिक्षण गेलं नव्हतं.

लग्न लावायला आलेल्या जंगमस्वामींनी हात वर केला, माझ्या मेहुण्यानं माईक त्यांच्या तोंडापुढं धरला... अन् आमच्या कर्ण्यातून समोरच्या विहारातल्या भंतेजींचा आवाज यायला लागला. एकदम शांत, स्वच्छ. ते तिकडच्या नवरदेवाकडून वदवून घेत होते, पत्नीचा मान राखीन, तिचा अपमान करणार नाही. आमचा नवरदेव आधीच घाबरलेला. त्यानं इकडं तिकडं बघितलं अन् "व्हय" म्हणून टाकलं. सगळं कार्यालय हसायला लागलं. तिकडं विहारात त्यांचा माईक जरा बंद झाला, तर आमच्या मेहुण्याचा आवाज घुमला, "मुलाच्या मामानं लगोलग स्टेजवर यावं, जेवण मागून मिळंल!" तिकडच्या मुलाचा मामा बिचारा हातातला चहा ठेवून पळत आला म्हणे.

अन् अण्णा? पहिल्या रांगेत बसलेला, हातात डबी. पडद्यावर देखणी रेष नाचायलीय, अन् हा मला अंगठा दाखवायलाय! मेहुणा लालबुंद होऊन ओरडला, "कुणी बसवला हा माईक? ऐकू येत न्हाई का त्याला?" आता संपलं, असं मला वाटलं. चाळीस वर्षांचं दुकान पोरीच्या मांडवात बुडतंय. मी धोतर सावरत स्टेजवर चढलो अन् ठोकून दिलं, "मीच सांगितलं होतं एकच माईक ठेवायला! दोन्ही घरं आपलीच. अन् शपथ काय वाईट हाय का? माझ्या जावयानं घेतली, लई बरं वाटलं मला." मग स्वामीजीच हसून म्हणाले, "शपथ चांगली आहे, राहू द्या." रस्त्यापलीकडं माणूस धाडला. ते बोलतील तेव्हा आम्ही गप्प, आम्ही बोलू तेव्हा ते गप्प. असं आळीपाळीनं दोन्ही लग्नं एकाच वाऱ्यावर लागली. आमच्या म्हाताऱ्या माणसांनी तिकडचं सगळं ऐकलं, तिकडच्यांनी आमचं. मेहुणा मात्र अजून माझ्याशी नीट बोलत न्हाई.

जेवणं झाल्यावर मी अण्णाला कोपऱ्यात नेऊन कानाला तोंड लावून सगळं सांगितलं. आधी म्हणाला, "बरं झालं एफेम हुतं. ज्याचा जोर त्याचंच ऐकू येतंय. एएम असतं तर दोन्ही लग्नांचा काला झाला असता." मग त्याचं तोंड उतरलं. "दोन माईक एका लाटेवर लावू नये, हे मीच दुरुस्ती शिकाया आलेल्या पोरांना शिकवलं रे, मल्लू. पर रेष एवढी देखणी आली, भानच राहिलं न्हाई. कान असता तर लगेच कळलं असतं... उद्यापासून दुकान बंद करतो." डोळे भरले होते त्याचे. मला भयंकर राग आला. म्हणालो, "बंद कर अन् बस भिंती मोजत! माझे दोन कान रिकामेच हायत, बायकोचं ऐकायच्या कामाचेसुद्धा न्हाईत. ते वापर."

तेव्हापासून रोज सकाळी तासभर मी त्याच्याकडं बसायचो. तो रेषेकडं बघायचा, मी ऐकायचो. खरखर असेल तर एक बोट, घुंई आवाज असेल तर दोन, स्वच्छ लागला की मूठ. गिऱ्हाइकाला वाटायचं, दोघं म्हातारे तंबाखूच्या खुणा करायलेत. एकदा मी चुकून दोन बोटं दाखवली तर त्यानं चांगला असलेला रेडिओ सगळा खोलून ठेवला, अन् वर मलाच शिव्या घातल्या. असं शेवटच्या दिवसापर्यंत दुकान उघडं राहिलं.

जलदान विधी झाल्यावर पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. मनात ठरवून गेलो होतो, सुमनअक्काला सगळं सांगून मोकळं व्हायचं. चार वर्षं नवऱ्यानं बायकोपासून लपवलं, त्यात मी साथ दिली, ते मला टोचत होतं. अक्का चुलीपुढं होत्या. "मल्लूअण्णा, च्या ठेवू का?" असं एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की शेजारणीनं भिंतीपलीकडनं "व्हय, ठेवा" म्हटलं. मी चहा हातात घेतला अन् म्हणालो, "अक्का, एक सांगायचं हाय. अण्णाला ऐकू येत नव्हतं."

अक्कांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. "मला ठावं हाय की! साऱ्या गल्लीला ठावं हाय. लोक तुमच्या दुकानात हळू बोलतात अन् शेजारच्या दुकानात जाऊन कामून बोंबलायलेत, कधी इचार केलाव का? पोरीनं ती डबी काय उगं धाडली? म्याच फोन करून सांगितलं तिला, बापाला डोळ्यानं दिसंल असं काय तरी बघ म्हणून."

मी चाट पडलो. चार वर्षं मी थापा मारत होतो अन् सारं गाव मला सांभाळून घेत होतं. "मग त्याला कधी बोलला का न्हाईत?" मी विचारलं.

अक्कांनी दाराकडं बघितलं अन् एकदम आवाज खाली आणला. इतका हळू आवाज त्यांचा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "लई मानी माणूस हाय," त्या म्हणाल्या, "तुम्हीबी त्यायला कळू देऊ नका बरं, दुकान बंद करतील."

मीही दाराकडं बघितलं.

"न्हाई सांगत, अक्का," मी म्हणालो.