तेल धरणारा पितळी डबा

मानवी संस्कृतीचा इतिहास म्हणजे गळती थांबवण्याचा इतिहास होय. हे वाक्य माझं नाही. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, शुक्रवार पेठेतल्या आपल्या घराच्या ओट्यावर गंजीफ्रॉक घालून बसले असताना ते बोलले. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर तेव्हा गळत नव्हतं, ते केवळ सोलापुरात पाऊस फारसा पडत नाही म्हणून.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आतोबांचा धाकटा भाऊ जर्मनीहून परत येताना एक लाल रंगाची, दोन माणसांची स्पोर्ट्स मोटार घेऊन आला आणि वर्षाच्या आत सोलापूरला कंटाळून पुन्हा जर्मनीला गेला. मोटार मागे राहिली. तिला टर्बो होता. टर्बो म्हणजे काय, हे आतोबा कोणीही न विचारता सांगत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडी उधळते. उधळायला मोकळा रस्ता मात्र लागतो. आमच्या बोळांतून ती दुसऱ्या गिअरच्या वर कधी गेली नाही. त्यामुळे गाडीत टर्बो आहे हे आम्ही श्रद्धेने मानत होतो, इतकंच.

डोळ्यांना दिसत होता तो धूर. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ एका नळीतून परत हवेच्या वाटेत जायची, तिथून इंजिनात, आणि निळी होऊन मागून बाहेर. एका सव्वीस जानेवारीला आतोबांनी गाडी मिरवणुकीत घातली, तेव्हा मागच्या बँडने देशभक्तीपर गाणं अर्ध्यात टाकून उपरणी नाकाला लावली.

अशात पेठेतल्या वाचनालयाचा नवा हॉल बांधून झाला. उद्घाटनाला मुंबईहून एक निवृत्त न्यायमूर्ती यायचे होते. वाचनालयाच्या अध्यक्षाची जागा रिकामी होती. स्टेशनावरून न्यायमूर्ती ज्याच्या गाडीतून येतील तोच अध्यक्ष, असा ठराव झालेला नव्हता. पण तसं होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आतोबांना ती खुर्ची हवी होती, अगदी झोप उडण्याइतकी हवी होती. वाचनालयातून त्यांनी शेवटचं पुस्तक कधी नेलं होतं, हे विचारण्याचा आगाऊपणा कोणी केला नाही. दुसरे इच्छुक एक सूतव्यापारी होते. त्यांच्याकडे काळी अँबॅसडर होती. ती धूर सोडत नसे. खरं तर ती लक्षात राहण्यासारखं काहीच करत नसे. समितीने आतोबांना निरोप पाठवला, की धूर थांबला तर न्यायमूर्ती तुमच्या गाडीतून येतील, नाहीतर अँबॅसडर आहेच.

उपाय भावाने टाकून दिलेल्या एका मासिकात निघाला. आतोबांना जर्मन येत नव्हतं, पण चित्र होतं. त्या वाफेच्या नळीच्या मध्ये एक बंद डबा बसवायचा. वाफ डब्यात शिरते, तेल तळाशी बसतं, वरच्या नळीने नुसती हवा पुढे जाते. डबा भरत आला की काढून ओतून द्यायचा. चित्रातला डबा साधा पत्र्याचा होता. आतोबांनी तो पितळेचा करायचं ठरवलं. न्यायमूर्तींनी बॉनेट उघडून दाखवा म्हटलं तर काय पत्रा दाखवायचा?

डबा नव्या पेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून करून घेतला. दोन बाजूंना नळीसाठी तोंडं आणि वर फिरकीचं झाकण. दुकानदाराने रीतीप्रमाणे त्यावर टिंब टिंब ठोकून आतोबांचं नाव घातलं. त्या दुकानातून बिननावाचं भांडं बाहेर पडत नसे, आणि आपलं नाव कुठे घालायचं असेल तर आतोबा कधी आड येत नसत.

बसवण्याचा कार्यक्रम ओट्यासमोर झाला. गाडीचा मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, म्हणजे आतोबांनी त्यालाही न्यायमूर्तींचं सांगितलं असणार. बॅटरीशेजारी लोखंडी पट्टी आवळून त्याने डबा उभा केला, दोन्ही बाजूंना रबरी नळ्या चढवल्या, क्लिपा घट्ट केल्या. हे काम घटकाभराचं होतं. भोवती जमलेल्यांना पाहून त्याने ते दुपारपर्यंत पुरवलं. दर क्लिपेनंतर तो मागे सरकून मान तिरपी करून डब्याकडे बघे, आणि आतोबाही तशीच मान तिरपी करत. संध्याकाळी समितीचे चिटणीस येऊन गेले. त्यांनी आपला पांढरा रुमाल धुराड्यापाशी धरला, उलटा करून पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. रुमाल पांढराच होता. खुर्ची जवळजवळ ठरली.

उद्घाटनाच्या सकाळी गाडीची पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला झेंडूचा हार घातला. आतोबा आत फेटा बांधून घेत होते. आमची आत्या वळसंगच्या शेतकऱ्याच्या घरातली. तिने बॉनेटखालच्या नव्या डब्यालाही हळदकुंकू लावलं, आणि झाकण फिरवून पाहिलं तर डबा रिकामा; मिस्त्रीने आदल्या रात्रीच तो ओतून, पुसून ठेवला होता. कोरं भांडं, त्यावर नवऱ्याचं नाव, तेलाचा डबा म्हणून चार दिवस घरभर गाजलेला, आणि आत टिपूस नाही. पहिल्या पूजेला भांडं रिकामं ठेवणं तिच्या माहेरी कोणी ऐकलंही नव्हतं. तिने माहेरच्या घाण्यावरचं करडईचं तेल काठोकाठ ओतलं आणि झाकण लावलं. हे तिनेच नंतर सांगितलं, मोकळेपणाने, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

स्टेशनावर न्यायमूर्ती उतरले. आतोबांच्या शेजारी कसेबसे घुसून गुडघे पोटाशी घेऊन बसले. मागून अँबॅसडरमध्ये समिती होती, आणि समितीच्या मधोमध मी. स्टेशनाबाहेरचा रस्ता रुंद होता आणि त्या वेळी रिकामा होता. आतोबांनी आयुष्यात पहिल्यांदा तिसरा गिअर टाकला. टर्बो खरोखरच होता. तो जागा झाला, त्याने जोरात श्वास घेतला, आणि डब्यातलं तेल ओढून घेतलं.

मग आम्हाला पुढचं काही दिसेना. धूर निळा नव्हता, दाट पांढरा होता, आणि त्याला भज्यांचा वास होता. नव्या पेठेच्या तोंडाशी गाडी दोन आचके देऊन थांबली. दुकानांतून लोक बाहेर आले. दोघातिघांनी कार्य कोणाकडे आहे म्हणून चौकशी केली. न्यायमूर्ती धुरातून बाहेर पडले आणि रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "नाश्त्याची एवढी तसदी घ्यायला नको होती." अँबॅसडरचं दार सूतव्यापाऱ्यांनी उघडून धरलंच होतं.

हॉलचं उद्घाटन वेळेवर झालं. आतोबा तिथे आले नाहीत. गाडी ढकलत घरी आणली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, झाकण फिरवलं आणि आनंदाने म्हणाला, "साब, डब्बा तो लई तेल पकड्या."

क्षणभर आतोबांच्या चेहऱ्यावर आशा आली. मग त्यांनी तळाशी उरलेल्या तेलात बोट बुडवलं आणि हुंगलं.

आत्या उंबऱ्यात उभी होती. "रिकामाच ठेवायचा व्हता," ती म्हणाली, "तर त्याच्यावर नाव कशाला घातलं?"

आतोबांनी फेटा उतरवून गुडघ्यावर ठेवला आणि तो सोडायला लागले. अध्यक्ष सूतव्यापारी झाले. गाडी मागच्या बोळात ताडपत्रीखाली गेली.

डब्याची दोन्ही तोंडं आत्याने कासाराकडून बंद करून घेतली. पुढे कित्येक वर्षं तो तिच्या चुलीशेजारी होता. त्यात करडईचं तेल असे. तो गळत नसे.