पहिला चीक

शेणव्याच्या पुढे एक पाडा आहे, तिथल्या मावशीकडे मी आता जात नाही. जनावरांना सुया टोचत शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुके पालथे घातलेला माणूस मी, तोंडाचा फटकळ, कुणाला न घाबरणारा. पण त्या रस्त्याने जायची वेळ आली की वळसा घालतो.

मावशीकडे एकच डुकरीण होती. मागच्या वेताची दोन पिल्लं आईच्याच अंगाखाली चिरडली, उरलेली खोकून खोकून गेली. मुलगा आसनगावला कामाला. त्याने बजावलं, "या खेपेला पिल्लं नाय जगली तर डुकरीण इकून टाकायची." नवरा गेल्यापासून मावशीला बोलायला ती डुकरीणच होती. दिवसभर तिच्याशी भांडायची, तिला शिव्या घालायची आणि जेवताना आपल्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढे टाकायची.

म्हणून गाभणपणात मी डुकरिणीला दोनदा लस टोचली. दुसऱ्या वेळी ती अशी उसळली, की मी सपशेल चिखलात. मावशी पदर तोंडाला लावून हसली. "अगो बाय, टोचणाराच आडवा झाला!"

"हसा, हसा!" मी चिडून म्हणालो. "पिल्लांच्या छातीची काळजी मिटली आता. बिनघोर राहा." आणि गाडीला किक मारली. दुसऱ्या पाड्यावर शेळ्या खोळंबल्या होत्या.

डुकरीण सकाळी व्याली, नऊ पिल्लं. यंदा एकही चिरडू द्यायचं नाही म्हणून मावशीने प्रत्येक पिल्लू पुसून टोपलीत घातलं, टोपली चुलीजवळ ठेवली. दिवसभर बोटाने शेळीचं दूध चाटवलं आणि संध्याकाळी, आई शांत झाल्यावर, एकेक करून तिला लावलं. हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तिने निरोप धाडला तेव्हा पिल्लांची नाकं वाहत होती आणि श्वास घेताना पोटं आत ओढली जात होती.

माझं डोकंच फिरलं. "अहो मावशी, लस आईला कशासाठी दिली? तिच्या पहिल्या चिकातून ती ताकद पिल्लांना मिळते. व्याल्या व्याल्या तो पोटात जायला हवा! आणि तुम्ही शेळीचं दूध पाजत बसलात?"

"मला वाटलं, सुईनंच सगलं झालं."

"सांगितलं होतं ना मी!"

तिने एका पिल्लाचं नाक पदराने पुसलं. मग हळूच म्हणाली, "सांगलं असंल, दादा. माज्याच ध्यानात नाय रायलं."

औषधं दिली, पण उपयोग झाला नाही. आठवडाभरात सगळी गेली. शेवटचं पिल्लू तिने मांडीवरून खाली ठेवलंच नाही, मला ते ओढून घ्यावं लागलं. फार वाईट वाटलं मला.

मुलगा टेम्पो घेऊन आला, त्या दिवशी मी तिथेच होतो. तो माझ्यावर भडकला, "तुमच्या सुईचा काय उपेग झाला?" मावशी मध्ये पडली. "त्यांना कशाला बोलतोस रे? त्यांनी सांगलेलं. मीच मारली माजी पिल्लां."

चिकाबद्दल मी तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. हे तिथेच, मुलासमोर कबूल करायला हवं होतं. मी दोर धरला आणि डुकरीण टेम्पोत चढवायला मुलाला मदत केली.