गाण्याआधीचा ठेका

इंग्लंडमधला तो बँड आमच्या कॉलेजात फक्त केतकीला आणि मला ठाऊक होता. त्यांचा नवा अल्बम पहिल्यांदा ऐकायचा तो दोघींनी मिळूनच, असं तिनंच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

अल्बम आला तेव्हा मी गावी होते. मोठ्या मुश्किलीनं मोह आवरला. परतल्यावर हॉस्टेलच्या गच्चीत एकेक इअरफोन कानात घालून आम्ही बसलो. पहिल्याच गाण्याला केतकी डोळे विस्फारून म्हणाली, "अगं, काय सुरुवात आहे!" गाणं संपलं. दुसरं सुरू होण्याआधीच्या शांततेत तिची बोटं कठड्यावर ठेका धरू लागली. क्षणभरानं तोच ठेका माझ्या कानात वाजला.

"कुणाबरोबर ऐकलास?" मी विचारलं.

"रोहनबरोबर," ती खाली बघत म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

तिनं आधी ऐकलं, हे मी विसरूनही गेले असते. माणसाला कधी कधी राहवत नाही. पण ते डोळे तिनं खास माझ्यासाठी विस्फारले होते. मी इअरफोन काढून तिच्या हातात दिला आणि खाली आले. जिन्यात मला माझ्या कविता आठवू लागल्या, तिनं भरभरून दाद दिलेल्या, एकेक करून सगळ्या.