समजलं नाही त्यानं उभं राहा

लखनौच्या एका विद्यापीठात मी गणिताची विभागप्रमुख होते. पद मोठं, अधिकार शून्य. माझ्या हाताखाली एक कंत्राटी प्राध्यापिका होती, लखनौचीच, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतून यायची. यंदा करार वाढतोय की नाही, या धास्तीत बिचारीचं प्रत्येक वर्ष जायचं. पण शिकवायची काय! तिच्या वर्गात एकच नियम होता: ज्याला समजलं नाही त्यानं उभं राहायचं, आणि शेवटचा खाली बसेपर्यंत ती पुढे सरकायची नाही. सुरुवातीला पोरं लाजली, मग बिनधास्त उभी राहायला लागली. इतर तासांना मुंड्या खाली घालून नोट्स उतरवणारी हीच पोरं इथे तिच्याशी वाद घालायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

मग शिकवण्याचा दर्जा तपासायला बाहेरून समिती येणार असं ठरलं आणि आमच्याकडे चक्क तालमी सुरू झाल्या. प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गानं हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. शिक्षकानं उजवा हात बघूनच उठवायचं. आणि हे शिकवत कोण होतं, तर आमचे डीन! कपाळ माझं! मी बैठकीत बोलले, तर म्हणाले, "अरे मॅडम, दो दिन की बात है."

तिला तालमीचं सांगितलं तशी ती म्हणाली, "मॅम, साल भर सच बोलना सिखाया है. अब झूठ बुलवाऊँ?" तिचं बरोबरच होतं. तसं मी तिला म्हणालेही.

समिती तिच्या वर्गात येऊन बसली. तिनं फळ्यावर लिमिटची व्याख्या मांडली आणि नेहमीसारखं विचारलं, किसे समझ नहीं आया? अर्धा वर्ग उभा राहिला. साहेब लोक एकमेकांकडे बघायला लागले. ती शांतपणे पुन्हा समजावत गेली, पोरं एकेक करून खाली बसत गेली. पण ते बघायला साहेबांना कुठला धीर! ते केव्हाच शेजारच्या वर्गात गेले होते. तिथे सगळे हात वर होते. तिथे वाहवा झाली.

तिचा करार वाढला नाही. मी कुलगुरूंशी कडाकडा भांडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "मॅडम, आधे क्लास को कुछ आता ही नहीं. सबने देखा है." बाहेर येऊन मी गाडीत बसून रडले, रागानं.

पुढच्या थंडीत अमीनाबादच्या बाजारात शाली बघत होते, तिथे ती भेटली. चांगलीच वाळली होती. एका कोचिंगमध्ये लागलेय म्हणाली. मी विचारलं, "वहाँ भी खड़ा करती हो?"

"नहीं मॅम. अब पूछती ही नहीं. सिलेबस टाइम पे ख़त्म हो जाता है."

मी हातातली शाल उगाच घडी करायला लागले. तीच मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाली, "बच्चे भी खुश हैं, मॅम."