सोडणांच्या ढिगातला आखूड साप

एनोस लामाटान नारळाच्या सोडणांच्या, म्हणजे सोललेल्या सालींच्या, ढिगात कधी हात घालत नाही. टोकाला आकडा असलेल्या काठीने तो एकेक सोडण बाहेर ओढतो, उलटं करतो, मगच उचलतो. मादांगच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या खोबऱ्याच्या भट्टीला सोडणांचंच जळण लागतं. गावातले लोक म्हणतात, एनोसचं खोबरं वाळेपर्यंत नवीन नारळ धरतात.

एनोस इथला नाही. समुद्रापलीकडच्या न्यू आयर्लंड बेटावरचा. लग्न करून बायकोच्या गावी राहिला. त्याच्या बेटावरही अशा ढिगांत एक साप असतो. बोआ, अजगराचा लांबचा भाऊबंद. हातभर लांब, मनगटाएवढा जाड, खरखरीत खवल्यांचा, शेपूट छाटल्यासारखं बोथट. सोडणांखालची ओलसर ऊब त्याला मानवते. उंदीर-सरडे आवळून गिळतो, अंडी न घालता थेट पिल्लंच घालतो. माणूस आला तरी पळत नाही. उचलला तर अंगाचा गोळा करतो. विष नाही. तिथल्या बायका त्याला शेपटीला धरून बाजूला टाकतात आणि कामाला लागतात.

हा बोआ मादांगलाही आहे. पण इथे त्याच ढिगात डेथ ॲडर नावाचा विषारी सापही असतो. तसाच आखूड, तसाच जाड, तसाच न हलणारा. फरक शेपटीच्या टोकाचा. ते अळीसारखं बारीक असतं. ते वळवळवून तो सरड्यांना जवळ बोलावतो. त्याचं चावणं फारसं दुखत नाही. आधी पापण्या मिटतात, मग जीभ जड होते, मग श्वास. न्यू आयर्लंडमध्ये हा साप नाही, म्हणून तिथल्या हातांना त्याची भीती नाही.

गेल्या साली एनोसची थोरली बहीण रोदा त्याला न्यायला आली. वारलेल्या मामाचं कार्य होतं, ते भाच्यावाचून होत नाही. बोटीला अवकाश होता. रोदाला बसून राहणं जमेना. ती भट्टीवर आली.

त्यांच्या बेटावर वयात आलेले भाऊ-बहीण एकमेकांना शिवत नाहीत, नाव घेत नाहीत. बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. इथे तिसरी म्हणजे एनोसची बायको मालेग.

"मालेग, त्यांना सांग, हात घालू नका. आकडा घ्या."

"वन्सं, आकडा घ्या म्हणतात."

"तुझ्या नवऱ्याला विचार, लहानपणी ह्या सापाला गळ्यात घालून कोण नाचायचं?"

"इथला वेगळा असतो म्हणतात."

"साप तोच आहे गं. बायकोच्या गावचं पाणी लागलं की पुरुषाचं असंच होतं."

मालेग हसली. एनोस हसला नाही.

मालेग पाणी आणायला गेली आणि रोदाने एक मोठं सोडण उचललं. खाली तपकिरी वेटोळं होतं, शेपूट अंगाखाली दडलेलं. तिचा हात खाली गेला. एनोस ओरडला, ती थांबली नाही. त्याने धावत येऊन तिचं मनगट धरलं आणि तिला मागे ढकललं.

सापाने अंगाचा गोळा केला. एनोसने तो काठीने उलटवला. शेपूट बोथट होतं.

रोदाने मनगट लुंगीला पुसलं. मालेग परत आल्यावर तिला म्हणाली, "बोआसाठी! आमच्या घरच्या सापासाठी त्याने मला हात लावला. गावात तोंड कुठे लपवू?"

"ते डुक्कर देतो म्हणतात. दोष फेडायला."

"डुक्कर ठेव म्हणावं. फक्त मी ढिगाजवळ असताना त्याने फिरकायचं नाही."

त्यानंतर रोदा एकटीच सोडणं उपसू लागली, उघड्या हातांनी. एनोस भट्टीच्या पलीकडे पाठ करून बसे आणि सोडणं पडल्याचे आवाज ऐके. मध्येच एखादा बोआ भट्टीवरून उडून त्याच्या पायाशी येऊन पडे.

"सांग त्याला," रोदा मालेगला मोठ्याने म्हणे, "तुझा राक्षस पाठवलाय."

एका दुपारी आवाज थांबला.

एनोस उठून आला तेव्हा ती बोटाकडे बघत होती. "काही नाही गं, टोचलं," ती मालेगला सांगत होती. "दुखत पण नाही." तिच्या पायाशी, करवंट्यांमध्ये, एक फिकट अळी वळवळत होती.

दवाखान्यात नेणारा ट्रक नदीपलीकडे होता. रोदाने चालणं धोक्याचं, आणि मालेगच्या अंगात तिला उचलण्याएवढं बळ नव्हतं. हाताला घट्ट कापड बांधून एनोसने बहिणीला पाठीवर घेतलं. नदी ओलांडताना तिच्या पापण्या मिटल्या.

"कोण आहे?" तिने जड जिभेने विचारलं.

बाजूने चालणारी मालेग तिच्या कानाशी वाकली. "मी आहे, वन्सं. बोलू नका."

"भारीच ताकद गं तुझी," रोदा पुटपुटली. नंतर ती बोलली नाही.

दवाखान्यात औषध होतं. रोदा वाचली. मामाच्या कार्याला तिने बायकांत बसून भावजयीच्या पाठीचं तोंड भरून कौतुक केलं. पलीकडे पुरुषांत एनोस सुपारी चघळत होता. त्याने मान वर केली नाही.

आता रोदा आपल्या बेटावर आकडा घेऊन सोडणं उपसते. तिथे त्याची काहीच गरज नाही.